क्रमांक दोनशे चौदा

१

आधी नोंद, मग सफाई. हा नियम मी आयुष्यात एकदाही मोडला नाही, आणि त्याचा मला अभिमान होता.

सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी एकतीस वर्षं गेली. तिथे बिनचिठ्ठीचा नमुना दिसला की मी सरळ केराच्या टोपलीत टाकायचो, मग तो साहेबांनी आणलेला का असेना. त्यातली पहिली अकरा वर्षं कच्छमध्ये काढली. तिथल्या चुनखडीच्या खाणीत मला ब्रॅकिओपॉडचं वेड लागलं. ब्रॅकिओपॉड म्हणजे दिसायला शिंपला, पण शिंपला नव्हे. याची दोन झाकणं सारखी नसतात, एक मोठं आणि एक लहान. मोठ्या झाकणाला पक्ष्यासारखी चोच असते आणि चोचीत एक बारीक भोक. त्या भोकातून देठ बाहेर काढून हा प्राणी समुद्राच्या तळाशी खडकाला धरून राहायचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेला, गाळात गाडला गेला, त्याचा दगड झाला. मी तो उचलायचो, धुवायचो आणि खणात ठेवायचो. निवृत्त होऊन कर्जतला भिसेगावात घर घेतलं तेव्हा माझ्याकडे असे दोनशे तेरा दगड होते.

घराची मागची खोली त्यांची. तिथे एक ओटा, बेसिन, दक्षिणेकडे एक खिडकी आणि भिंतीला लागून खणांची दोन कपाटं. प्रत्येक दगडावर मी पांढऱ्या रंगाचा एवढासा ठिपका देतो. त्यावर काळ्या शाईने क्रमांक आणि ज्याला सापडला त्याचं नाव लिहितो आणि वरून नेलपॉलिशचा पारदर्शक हात फिरवतो. दोनशे तेराच्या दोनशे तेरा दगडांवर नाव माझंच, जगदीश.

"लोक निवृत्तीनंतर देवाला आंघोळ घालतात," माझी बायको संध्या आल्यागेल्याला सांगते, "आमचे हे मेलेल्या शिंपल्यांना घालतात."

नेलपॉलिश अर्थात तिचं असतं. ती बाटली दर दोन महिन्यांनी नवी आणावी लागते आणि दर वेळी ती माझ्या नावाने बोटं मोडते.

२

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सकाळी आम्ही कोंडाण्याच्या बाजूला नदीवर गेलो होतो. स्कूटर तीच चालवते, माझा गुडघा ऐकत नाही. उल्हास नदीचं पात्र त्या दिवसांत निम्मं उघडं असतं. इथला कातळ लाव्हारसाचा, त्यात शिंपल्यांचं नावही नसतं. मी आपला पोकळ दगडांतले पांढरे स्फटिक बघत फिरतो, तेवढाच पायांना व्यायाम.

संध्या थर्मास घेऊन काठावरच्या उंबराखाली बसली होती. खालच्या फांदीला पांढऱ्या फडक्याची चिंधी लोंबत होती आणि वरच्या फांद्यांवर माकडांचा दंगा चालला होता.

"अहो," तिने हाक मारली, "या इकडे. तुमचा नातेवाईक भेटलाय."

तिच्या हातात मुठीएवढा घट्ट मातीचा गोळा होता. त्यातून एक चोच बाहेर आली होती आणि चोचीत गोल भोक होतं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ब्रॅकिओपॉड, शंकाच नको. कर्जतच्या काळ्या कातळात! मग डोकं चालायला लागलं. आजूबाजूला फार्महाऊसं झाली आहेत, लोक बागेत पसरायला कुठून कुठून ट्रकभर दगड आणतात. त्यातलाच एखादा असणार. गोळ्याभोवती सुकलेल्या गवताचा एक पीळ होता, अंगठीसारखा गाठ मारलेला. मी तो ओढून काढला आणि फेकून दिला.

"याच्यावर नाव माझं पडलं पाहिजे," संध्या म्हणाली. "पूर्ण. नुसतं आद्याक्षर नको."

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी कामाचं शोधलंस."

"तुम्हाला शोधलं होतं ना, ते फसलं म्हणून दुसरं काही शोधायला धीर झाला नाही."

आम्ही दोघं हसलो. घरी आल्या आल्या मी चोचीजवळची जागा ओल्या बोळ्याने पुसली, ठिपका दिला आणि बारीक अक्षरात लिहिलं, '२१४. सौ. संध्या.' वहीत स्थळ लिहिलं, उल्हास नदी, कोंडाण्याच्या खाली. नेलपॉलिश वाळेपर्यंत ती शेजारी उभी राहिली. तिला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू, मलाही झाला होता.

३

आता सफाई कशी करतो ते सांगायला हवं.

या दगडांना आम्लाचा थेंबही चालत नाही. पाणी, मऊ ब्रश आणि दाताच्या डॉक्टरांकडून मागून आणलेली जुनी सुई, एवढंच माझं भांडवल. दगड वाडग्यात दिवसभर भिजवायचा, सकाळी सुटलेली माती धुवायची, आणि पुन्हा भिजवायचा. माती कडक असेल तर आठ-दहा दिवस जातात.

सकाळी आंघोळ झाली की मी पंचावरच मागच्या खोलीत जातो. उन्हाळ्यात सदरा घालून बेसिनशी उभं राहणं म्हणजे दुसरी आंघोळ. बेसिन खिडकीखाली, त्यामुळे तोंड आपोआप दक्षिणेला. नळाची धार जोराची असते, कोवळी कड उडते, म्हणून तांब्यातलं पाणी तळहातावर घेऊन अंगठ्याच्या बाजूने हळू सोडतो. तशी बारीक, सरळ धार दुसऱ्या कशानेही पडत नाही. आणि धुताना नोंद मोठ्याने म्हणतो. प्रयोगशाळेत एकदा दोन नमुन्यांची अदलाबदल झाली होती, तेव्हापासूनची सवय.

"दोनशे चौदा. संध्या. उल्हास नदी."

"ओऽ," स्वयंपाकघरातून उत्तर यायचं. "काय म्हणता?"

"तुला नाही, दगडाला."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडगा कोरडा होता.

काठोकाठ भरून ठेवलेला स्टीलचा वाडगा, पाव लिटरचा. तळाला ओलसुद्धा नव्हती. ऊन फार होतं, खिडकी उघडी होती, असं म्हणून मी पुन्हा भरला. तिसऱ्या दिवशीही तेच. मग मी काचेची झाकणाची बरणी घेतली. दगड आत ठेवला, पाणी भरलं, झाकण घट्ट फिरवलं. दुपारी चारला बरणी रिकामी. झाकण घट्टच होतं, उघडायला फडकं लागलं.

दगड पोकळ असेल आणि पाणी पोटात गेलं असेल, हा सरळ हिशेब. माझ्याकडे जुना तराजू आहे, दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा. सकाळी बरणीत ठेवताना वजन दोनशे एकसष्ट पूर्णांक चार होतं. आताही तेवढंच. पाव लिटर पाणी कुठे गेलं याचं उत्तर तराजूकडे नव्हतं.

त्याच दिवशी सुईने चोचीतलं भोक साफ करताना एक काळा कण निघाला. मला वाटलं खनिज असेल. भिंगाखाली धरला तर तीळ. साधा काळा तीळ, ओला, फुगलेला.

"संध्या, तीळ भाजले होतेस का गं?"

"भर उन्हाळ्यात तीळ कोण भाजतं? संक्रांत विसरलात वाटतं."

मी तो एका छोट्या बाटलीत टाकला. दुसऱ्या दिवशी भोकातून आणखी एक निघाला. कोट्यवधी वर्षं बंद असलेल्या भोकातून रोज सकाळी एक तीळ निघत होता. मी त्याचीही नोंद केली, कारण नोंद करणं मला येतं.

५

संध्याच्या तहानेकडे माझं लक्ष चौथ्या दिवशी गेलं. म्हणजे कानांचं गेलं.

मी मागच्या खोलीत, ती स्वयंपाकघरात. मधे एक भिंत. तिकडून घटघट आवाज आला, मग पेला भरल्याचा, मग पुन्हा घटघट. मी सहज मोजायला लागलो. सात पेले. मधे श्वास घ्यायलाही ती थांबली नव्हती.

"अगं, हळू. ठसका लागेल."

"घसा कोरडा पडलाय हो. काल खारट झालं होतं का काही?"

काही खारट झालं नव्हतं. आम्ही पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार घेतो. एक जार आम्हा दोघांना आठवडाभर पुरतो. त्या आठवड्यात चौथ्या दिवशी दुसरा लागला आणि पाचव्या दिवशी तिसरा. एरवी जार घेऊन रोहिदास येतो, नदीकाठच्या गावातला, बोलका माणूस. हल्ली त्याचा टेंपो कमळ्या आणत होता.

"रोहिदासदादाची आई गेली ना, अंबाबाई," कमळ्या म्हणाला. "दादा सुतकात हाय. वहिनी, पावनं आलंत काय? लय पानी लागतंय तुमाला."

संध्या हसली. हसताना तिचे ओठ फुटले आणि रक्ताचा बारीक ठिपका आला. कमळ्या जायच्या आत तिने जारची तोटी उघडली होती.

आणखी एक गोष्ट. रोज जेवायच्या आधी ती मागच्या खिडकीत कावळ्याला पोळीचा तुकडा ठेवते. तिचा ठरलेला एक कावळा आहे, पंखात एक पांढरं पीस असलेला. तो येत होता, खिडकीत बसत होता, पण पोळीला शिवत नव्हता. दगडाच्या बरणीकडे बघत बसायचा आणि उडून जायचा.

६

डॉक्टरांनी साखर तपासली. नॉर्मल. मीठ, मूत्रपिंडं, सगळं नॉर्मल.

"दिवसाला किती पाणी पिता?"

"नऊ-दहा लिटर असेल," मी म्हणालो. मी मोजलं होतं.

"मग लघवीला वारंवार जावं लागत असेल."

संध्याने माझ्याकडे पाहिलं. तिला सांगायची लाज वाटत होती. "नाही जावं लागत," ती म्हणाली. "काल दिवसभरात एकदाही नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग ते हसले आणि म्हणाले, उन्हाळा कडक आहे, घामावाटे जात असेल. क्षाराची पाकिटं लिहून दिली. घाम! तिचा हात मी रिक्षात धरून बसलो होतो, पापडासारखा कोरडा होता.

घरी येऊन मी तिला वजनकाट्यावर उभं केलं. अठ्ठावन्न किलो. तिला जारमधलं तीन लिटर पाणी प्यायला लावलं, म्हणजे लावावं लागलं नाही. पुन्हा उभं केलं. अठ्ठावन्न किलो.

मी काटा उलटा करून सेल बदलले. पुन्हा अठ्ठावन्न. मला माझ्या दुसऱ्या तराजूची आठवण झाली आणि ती मी लगेच झटकून टाकली. माणूस आणि दगड एका वहीत लिहायचे नसतात.

"काय हो, इतके का घाबरलात?" ती म्हणाली. जीभ टाळूला चिकटत असल्याने तिचे शब्द अडखळत होते. "किरणला नका हं कळवू. उगाच पुण्याहून धावत येईल पोरगा."

७

आठव्या दिवशी सकाळी दगडाची शेवटची माती सुटली. इतका देखणा ब्रॅकिओपॉड माझ्या सगळ्या संग्रहात नव्हता. लिंबाएवढा, गुळगुळीत, मधासारख्या रंगाचा, दोन्ही झाकणं घट्ट मिटलेली. एरवी मी संध्याला हाक मारून दाखवला असता. पण ती न्हाणीघरात होती. तिथून बादलीत मग बुडवल्याचा आवाज येत होता, आणि अंगावर पाणी पडल्याचा नाही.

मी तीळ काढण्यासाठी दगड उजेडात धरला. सहावा तीळ. भोक आता अगदी स्वच्छ होतं. मी डोळ्याला भिंग लावलं. तळहातावर पाणी घेतलं, अंगठ्यावरून धार सोडली आणि सवयीने म्हणालो, "दोनशे चौदा. संध्या."

भिंगात पाणी भोकात शिरताना दिसत होतं. आत अंधार होता, आणि अंधाराच्या कडेला काहीतरी ओलं, गुलाबीसर. ते आवळलं आणि सैल झालं. पुन्हा आवळलं.

गिळताना माणसाचा घसा हलतो, तसं.

मी दगड टाकला नाही. संग्राहकाच्या हातून दगड सहसा पडत नाही. तो हळूच वाडग्यात ठेवला आणि स्टुलावर बसलो. ओल्या काचेतून उजेड हलला असेल, वय झालं, रात्री झोप नाही, असं स्वतःला सांगितलं. न्हाणीघरातला मग थांबला होता. धार सोडली तेवढा वेळ थांबला होता. आता पुन्हा सुरू झाला.

८

नवव्या दिवशी जार घेऊन रोहिदास स्वतः आला. डोक्याचा गोटा, त्यावर टोपी. तेरावं उरकून कामाला लागला होता. मी त्याला घराच्या पुढच्या ओट्यावर बसवलं. संध्या आत निजली होती, उशाशी तांब्या, हातात पेला.

"वाईट झालं रे आईचं," मी म्हणालो.

"वाईट तर खरंच, काका. शेवटी पानी पानी करत व्हती. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन हाय, घोटभर पन द्यायचं नाय. आमी नाय दिलं. तशीच गेली." त्याने जारवर हात ठेवला. "रोज गावाला पानी वाटतो मी. आनि म्हातारीला तेवढं नाय दिलं. वर तिचा जीवखडा पन आमी हरवला."

"काय हरवलं?"

त्याने टोपी मागे सारली. "तुमाला नाय म्हाईत? तुमच्या बापाचं तुमी नाय केलं?"

माझे वडील गेले तेव्हा मी कच्छमध्ये होतो. सगळं थोरल्या भावाने केलं. मी चार दिवसांनी पोचलो आणि असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही म्हणून बाहेर पेपर वाचत बसलो. हे मी रोहिदासला सांगितलं नाही.

"मानसाला जाळलं की तिथला एक दगड घ्यायचा," तो म्हणाला. "दहा दिवस तोच मानूस. दर्भ बांधून, फडक्यात घालून उंबराला टांगला व्हता नदीवर. सहाव्या दिवशी गेलो तर फडकं रिकामं. माकडांचंच काम. आख्खं पात्र शोधलं, काका. भटजींनी दुसरा दगड घ्यायला लावला, पन कावला नाय शिवला. मयताच्या मनात काय राह्यलं असलं तर नाय शिवत. धाकट्या भावाला सांभालीन म्हनून शबुद दिला, तरी नाय. शेवटी दर्भाचा कावला केला."

"कसा होता दगड?"

"मातीचा गोला, एवढा. चोच आलेली. मसनाशेजारी फार्महाऊसच्या कुंपनाशी हाताला लागला तो उचलला. दिसला काय कुठं तुमाला? तुमी फिरता तिकडं."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दगड तीस पावलांवर होता. त्यावर माझ्या बायकोचं नाव होतं.

"नाही बुवा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "पण त्या दगडाचं करतात काय, दहा दिवस?"

रोहिदास उठला. त्याने जारची तोटी जरा उघडली, तळहातावर पाणी घेतलं आणि हात वाकडा केला. अंगठ्याच्या बाजूने बारीक, सरळ धार पडली. "आंगोल करून, दक्षिनेला तोंड करून, रोज असं पानी द्यायचं. तीळ टाकून. नाव घेऊन. ज्याचं नाव घेतलं त्याला पोचतं. दहाव्या दिवशी नदीत सोडला, की मानूस सुटतो."

"आणि द्यायचं थांबवलं तर?"

"थांबवून कसं चालंल, काका? तहानेला राहील ना मानूस."

९

तो गेल्यावर मी मागच्या खोलीत दार लावून घेतलं.

माझ्यातला केमिस्ट म्हणत होता, अरे बाबा, ऊन आहे, योगायोग आहे, साठी उलटलेल्या बाईला काहीही होतं. त्याचं म्हणणं मला मनापासून पटत होतं. आणि माझे हात ॲसिटोनची बाटली शोधत होते. कारण उद्या दहावा दिवस होता. दगड घरात ठेवला तर ती तहानेने मरणार. नदीत सोडला तर सुटणार, आणि सुटणं म्हणजे काय ते रोहिदासने सांगितलं होतं. मी रडलो. उभ्याउभ्या, बेसिनला धरून, कच्छच्या भूकंपातही रडलो नव्हतो तसा.

नेलपॉलिश लगेच गेलं. शाई गेली, पांढरा ठिपका गेला. पण ठिपक्याखाली दगडातच अक्षरं उमटली होती, तपकिरी, बारीक. सौ. संध्या. मी सुई घेतली. ज्या कवचाला मी आम्लाचा थेंब लागू दिला नसता, ते खरवडायला लागलो. भुकटी पडत होती आणि शेजारच्या खोलीतून घटघट आवाज येत होता, मोठा होत चालला होता. अक्षरं गेली. तिथे नखाएवढा खड्डा पडला. आवाज थांबला नाही. पेला खाली पडल्याचा आवाज आला, मग हांडा ओढल्याचा. ती हांड्याला तोंड लावून पीत होती.

नाव पुसून भागणार नव्हतं. बिनचिठ्ठीचा नमुना ठेवता येत नाही, हे मी एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो होतो.

मी खड्ड्यात पांढरा रंग भरला. फुंकर मारून वाळवला. त्यावर लिहिलं, 'जगदीश.' दोनशे तेरा वेळा लिहिलेलं नाव. मग तांब्यातलं पाणी तळहातावर घेतलं, अंगठ्यावरून धार सोडली आणि स्पष्ट म्हणालो, "दोनशे चौदा. जगदीश. उल्हास नदी."

शेजारचा आवाज तुटला. हांडा सरळ केल्याचा आवाज आला. मग पावलं, आणि दारावर थाप.

"अहो," संध्या म्हणाली. तिचा आवाज ओला होता, नेहमीचा होता. "काय करताय आत? मला सपाटून भूक लागलीय."

मी दार उघडलं. तिच्या हातात अर्धा भरलेला पेला होता. तिने तो ओट्यावर ठेवून दिला आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलंही नाही.

मी बघितलं. मी तो उचलला आणि एका दमात प्यालो.

१०

मी आता पुढच्या खोलीत खाटेवर असतो. रोहिदास दोन जार आणतो, कधी तीन. डॉक्टर म्हणतात, ऊन. माझं वजन सहासष्ट आहे, सकाळी सहासष्ट आणि रात्री सहासष्ट.

चौथ्या दिवसापासून मला बेसिनशी उभं राहवेना. त्या सकाळी दगडाला पाणी मिळालं नाही, आणि दुपारपर्यंत माझं काय झालं ते लिहीत नाही. संध्याला वाटलं, दगड राहिला म्हणून माझा जीव वरखाली होतोय. दुसऱ्या दिवशी ती आंघोळ करून, ओल्या केसांनी मागच्या खोलीत गेली.

"तुमची सगळी पद्धत मला पाठ आहे," तिने तिकडून सांगितलं. "अंगठ्यावरून ना? बघा, जमतंय मला. आणि हे नाव कधी बदललंत हो? चोर! एवढा एक माझा होता, तोही घेतलात."

मग तिचा आवाज, धिम्या लयीत, माझीच नक्कल करत. "दोनशे चौदा. जगदीश. उल्हास नदी."

भिंतीपलीकडे धार पडल्याचा आवाज येतो. तेवढा वेळ माझा घसा थंड होतो. त्या आवाजासाठी मी रात्रभर जागा असतो.

तिला सांगावं असं रोज वाटतं. पण मी तिला ओळखतो. सांगितलं तर ती पहिल्यांदा सुई शोधेल, माझं नाव खरवडेल आणि तिथे स्वतःचं लिहील. आणि तेही पूर्ण, नुसतं आद्याक्षर नाही.

आज दुपारी ती माझ्या पायाशी बसली. तिचे ओठ भरून आलेत. हात मऊ झालेत.

"हसू नका," ती म्हणाली. "पण तो दगड आल्यापासून घरातलं आजारपण हटत नाही. आधी मी, आता तुम्ही. उद्या सकाळी मी तो जिथून उचलला तिथे नेऊन नदीत सोडते. बघा तुम्हाला बरं वाटतं की नाही."

मी बोटांवर मोजलं, उद्या दहावा दिवस. मोजायची गरज नव्हती, वहीत होतं.

"वही दे," मी म्हणालो. तिने आणून दिली. दोनशे चौदाच्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात मी उद्याची तारीख टाकली आणि लिहिलं, 'नदीत सोडला.' नोंद आधी.

"किरणकडे राहायला जात जा अधूनमधून," मी म्हणालो. "एकटी बसू नकोस. पाणी पीत जा, पण बेताने. खणातले दगड शाळेला दे."

"हे काय भलतंच? म्हणे एकटी बसू नकोस!"

"हो म्हण."

तिने माझ्याकडे पाहिलं. काय दिसलं तिला, कोण जाणे. "बरं बाई, हो," ती म्हणाली. "जाईन किरणकडे. घेईन काळजी. झालं?"

मागच्या खोलीतून पंखांची फडफड ऐकू आली, आणि खिडकीतल्या ताटलीवर चोच आपटल्याचा टक् असा आवाज. संध्या लगबगीने उठून बघायला गेली.

"अहो, शिवला!" तिचा आनंदाचा आवाज आला. "तोच, पांढऱ्या पिसाचा. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा पोळी घेतली बघा मेल्याने."

परत आली तेव्हा स्कूटरची किल्ली शोधत होती. उद्या ऊन व्हायच्या आत निघते, म्हणाली.